पुलावर न कोरलेले नाव



आषाढीच्या वाटेवर आपण नीरा नदीचा पूल ओलांडतो. मी तो चाळीसच्या वर वेळा पायी ओलांडला असेन. खाली नदी, पुढे पताका, मागे दिंड्यांची रांग. पण हा पूल कोणी बांधला असेल, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. तुमच्याही आला नसेल. पूल धड असला की तो कोणाला दिसत नाही. माझ्या मनात तो विचार आला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि तोही दूर अमेरिकेतल्या एका पुलावर. त्या पुलाने मला एक जुने देणे आठवून दिले. देणे काय, ते पुढे सांगतो. आधी पूल पाहू.

माझी धाकटी मुलगी सॅन होजे येथे असते. तिकडे आपली मराठी माणसे पुष्कळ. एकादशीला कोणाच्या तरी घरी जमतात, हरिपाठ म्हणतात, भजन करतात. आम्ही उभयता तीन महिने तिच्याकडे राहिलो. एका रविवारी लेकीने आणि जावईबापूंनी आम्हाला सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल दाखवायला नेले.

सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर म्हणजे डोंगरांच्या आत शिरून पसरलेले समुद्राचे पाणी. त्याला बाहेरच्या महासागराकडे एक अरुंद तोंड आहे, आणि त्या तोंडावर हा झुलता पूल आहे. दोन मनोरे, पाण्यापासून २२७ मीटर उंच. दोहोंमधले अंतर १,२८० मीटर, आणि तेवढ्या अंतरात खाली एकही खांब नाही. मनोऱ्यांवरून दोन मोठे पोलादी दोर टाकलेले, आणि त्या दोरांना रस्ता टांगलेला, घरात पाळणा टांगावा तसा. १९३३ च्या जानेवारीत काम सुरू झाले. २७ मे १९३७ रोजी पूल खुला झाला तो पायी चालणाऱ्या लोकांसाठी, मोटारी दुसऱ्या दिवशी सोडल्या. पहिला मान पायी चालणाऱ्याचा, हे ऐकून माझ्यातल्या वारकऱ्याला बरे वाटले.

महिना जुलै. मुलीने कानटोपी आणि गरम कोट घालायला लावला, तेव्हा मी हसलो. पुलावर दहा पावले टाकली आणि हसू थांबले. असा वारा मी आयुष्यात अनुभवला नव्हता. धोतराचा सोगा आवरता आवरेना. समुद्रावरून धुके येत होते आणि मनोऱ्याचा माथा त्यात दिसेनासा झाला होता. जावईबापूंनी कारण समजावून सांगितले. उन्हाळ्यात आतले खोरे तापते, तिथली हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत धावते. किनाऱ्यावर डोंगरांची रांग आहे, तिला समुद्रसपाटीवर ही एवढीच खिंड. मग सगळा वारा त्या खिंडीतून घुसतो, आणि नेमका तिथेच हा पूल उभा आहे.

पायाखाली किंचित थरथर जाणवत होती. मी कठडा धरला. जावईबापू म्हणाले, "मामा, भिऊ नका. हा हलतो म्हणूनच टिकला आहे." जोराच्या वाऱ्यात मधला रस्ता आठ मीटरांहून अधिक बाजूला सरकू शकेल, अशी तजवीज मुळात ठेवलेली आहे. माझ्यातला कीर्तनकार लगेच जागा झाला. पूर आला की झाड जाते आणि लव्हाळे राहते, हा दृष्टांत आपण सारे जाणतो. त्याला एक नवी जोड मिळाली म्हणून मी खूश झालो. पण माउली, तो दृष्टांत हाताशी होता, सोपा होता. अवघड दृष्टांत अजून भेटायचा होता.

पुलाच्या दक्षिण टोकाशी त्या मोठ्या दोराचा एक तुकडा आडवा कापून लोकांना पाहायला ठेवला आहे. दोराची जाडी ९२ सेंटीमीटर. आत २७,५७२ तारा, आणि एकेक तार पाच मिलिमीटरच्याही आतली. दोन्ही दोरांतल्या सगळ्या तारा टोकाला टोक जोडून ठेवल्या तर लांबी १,२९,००० किलोमीटर भरते. पृथ्वीला तीन वेढे देऊन तार उरेल. पुलावरून जाताना यातली एकही तार डोळ्यांना दिसत नाही. वरचे वेष्टण दिसते आणि त्याचा शेंदरी रंग दिसतो.

जवळच एक पुतळा आहे. मी विचारले, "पूल यांनी बांधला का?" जावईबापू इंजिनिअर आहेत. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "फार वर्षे तसेच सांगत होते, मामा." मग तिथल्याच एका बाकावर बसून त्यांनी जी हकिगत सांगितली, ती अशी.

पुतळा जोसेफ स्ट्रॉस यांचा. मुख्य अभियंता म्हणून पुलाशी त्यांचेच नाव जोडलेले. माणूस जिद्दीचा. हा पूल होणार नाही असे म्हणणारे पुष्कळ होते, त्यांच्याशी स्ट्रॉस वर्षानुवर्षे भांडले. पण १९२१ साली त्यांनी जो पहिला आराखडा दिला तो अर्धा ताठ सांगाड्याचा आणि अर्धा झुलता असा बोजड होता. इतक्या लांबीचा झुलता पूल रचण्याचा अनुभव त्यांना नव्हता. ते काम त्यांच्या कचेरीत चार्ल्स एलिस नावाच्या गृहस्थांकडे आले. एलिस मूळचे गणित आणि ग्रीक भाषा शिकलेले, पुढे इलिनॉय विद्यापीठात पूल-इमारतींची रचना शिकवणारे प्राध्यापक. न्यूयॉर्कचे लिऑन मोइसेफ हे त्या काळचे झुलत्या पुलांचे मोठे जाणकार, त्यांचे त्यांना साहाय्य. वारा किती रेटील, रस्ता किती सरकेल, दोर किती ओढ घेतील, मनोरे किती वाकतील, ही सारी गणिते एलिस यांनी हाताने मांडली. तेव्हा संगणक कुठला?

१९३१ अखेर स्ट्रॉस यांना वाटले की एलिस फार वेळ घेतात, खर्च फार होतो. आधी त्यांना रजेवर पाठवले, आणि मग कामावरून काढून टाकले. अमेरिकेत तेव्हा मंदी होती, दुसरे काम मिळेना. आता नीट ऐका. कामावरून काढलेला हा माणूस घरी बसून कित्येक महिने त्याच पुलाची गणिते पुन्हा तपासत राहिला. पगार नाही, कोणाची आज्ञा नाही. पुढे ते पर्ड्यू विद्यापीठात शिकवू लागले. पूल झाला, जगभर गाजला. त्यावरच्या फलकात एलिस हे नाव नव्हते. १९४९ साली ते वारले. २००७ साली पुलाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने आपल्या अहवालात रचनेचे मोठे श्रेय एलिस यांचे असल्याचे मान्य केले. २०१२ साली अभियंत्यांच्या संघटनेने लावलेल्या फलकावर ते नाव आले. तोवर त्यांना जाऊन साठ वर्षे उलटली होती.

माउली, ही हकिगत ऐकून माझ्या तोंडून पहिले वाक्य काय निघाले, सांगतो. मी म्हणालो, "निष्काम कर्मयोगी माणूस. नावाची त्याला काय गरज?"

जावईबापू गप्प राहिले. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, हे त्यांनी म्हणावे. तुम्ही कसे म्हणता?"

ते वाक्य घेऊन मी तिथून उठलो, आणि अजून ते माझ्याजवळ आहे. आज तुमच्यापुढे तोच विचार मांडायचा आहे. आपल्या संप्रदायात अहंकार टाकावा, नावलौकिकाची हाव धरू नये, ही शिकवण लहानपणापासून कानावर पडते. ती खरीच आहे. पण ती कोणी कोणाला सांगायची? मी माझ्या कामाचे फळ सोडले तर तो त्याग झाला. दुसऱ्याच्या कामाचे फळ मी घेतले आणि त्याला म्हणालो, "तू निष्काम हो," तर त्याला काय म्हणावे? उपवास आपण धरायचा असतो. दुसऱ्याच्या पुढचे ताट उचलून त्याला एकादशीचे माहात्म्य सांगणे हा काही उपवास नव्हे.

आपण म्हणाल, बुवा, संतांनी तर स्वतःला पुसूनच टाकले. असे आहे का? आपले ग्रंथ उघडून पाहा. भावार्थदीपिका पूर्ण झाली शके १२१२ मध्ये. सारा ग्रंथ ज्ञानेश्वर माउलींनी निवृत्तिनाथांच्या कृपेचा म्हणून सांगितला. स्वतःकडे काही ठेवले नाही. आणि ग्रंथाच्या शेवटी, ज्याने तो लिहून घेतला त्या सच्चिदानंदबाबांचे नाव मात्र आवर्जून नोंदलेले आहे. सातशे वर्षांहून अधिक काळ आपण पारायण संपवताना ते नाव घेतो. ज्याने विश्वासाठी मागणे मागितले, त्याच ग्रंथात लेखनिकाचे नाव सुटले नाही. आपले नाव गुरूच्या चरणी, आणि सेवकाचे नाव ग्रंथात, अशी ही रीत.

पुढे शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. केवढे कष्ट! त्यांच्यासारख्या समर्थ कवीला चार ओव्या मध्ये घालणे काय अवघड होते? पण त्यांनी माउलींच्या ग्रंथात आपली ओवी घातली नाही, आणि कोणी घालू नये असेही बजावले. ज्याचे त्याचेच राहिले पाहिजे. जनाबाई पाहा. लोकांच्या दृष्टीने घरची दासी, पण तिचे अभंग तिच्या मुद्रेनिशी आपल्यापर्यंत आले. त्या मुद्रेत तिने नामदेवरायांशी असलेले नाते ठेवले, पण नामदेवांच्या गाथ्यात जनीची वाणी नामदेवांची म्हणून कोणी घातली नाही. देहूच्या तुकोबारायांचे शब्द उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे, त्यांच्या वह्यांना आपण आजही हात जोडतो.

मग प्रश्न येतो की अहंकार गेलेल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपली मुद्रा तरी का ठेवली? माझ्या गुरूंनी याचे उत्तर आळंदीत आम्हाला सांगितले होते. ते म्हणत, मुद्रा ही मोठेपणासाठी नसते, जबाबदारीसाठी असते. हे मी बोललो, याचा जाब मला विचारा, असा तिचा अर्थ. तेव्हा हे पुरते कळले नव्हते. पुलाच्या हकिगतीने कळले. मोइसेफ यांचे नाव मघाशी घेतले. गोल्डन गेटनंतर तीनच वर्षांनी, वॉशिंग्टन राज्यात टाकोमा येथे त्यांच्या रचनेचा दुसरा झुलता पूल झाला. फार बारीक, फार हलका. १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून पाण्यात पडला. वारा तरी किती? ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. तो दोष मोइसेफ यांच्या नावावर आला, आणि आला म्हणूनच जगभरच्या इंजिनिअरांना कुठे चुकले ते शोधता आले. पुढे १ डिसेंबर १९५१ च्या वादळात गोल्डन गेटही फार हलला, काही तास बंद ठेवावा लागला. त्यानंतर रस्त्याच्या खालून पोलादाचे तिरपे बंध घालून तो मजबूत केला. काम कोणाचे हे लपवले, की त्यातले गुण लपतात तसे दोषही लपतात. नाव पुसणारा माणूस एका माणसावर अन्याय करतो, आणि पुढच्या वाटसरूवरही करतो.

आता स्ट्रॉस यांच्याविषयी. त्यांना खलपुरुष ठरवून मोकळे होऊ नका. मीही आधी तसेच केले होते. पण याच स्ट्रॉस यांनी बांधकाम चालू असताना पुलाखाली सगळीकडे मोठे जाळे टांगायला लावले. मजूर पडला तर पाण्यात जाऊ नये म्हणून. त्या काळी असा खर्च करणारे थोडे. एकोणीस माणसे त्या जाळ्यात पडून वाचली. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक मोठा परांचा कोसळला, जाळे फाटले आणि दहा जण गेले. सारे मिळून अकरा मजूर त्या कामावर मेले. जाळे नसते तर किती गेले असते, देव जाणे. अनोळखी मजुराचा जीव जाऊ नये म्हणून ज्याने जाळे बांधले, त्याच हाताने आपल्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचे नाव खोडले. भला माणूसही असे करतो. भला माणूसच असे करतो असेही मला आता वाटू लागले आहे, कारण आपण भले आहोत याची त्याला खात्री असते.

हे मी कशावरून म्हणतो? माउली, आता माझे देणे.

चाळीस वर्षे मी कीर्तनाची सेवा केली. त्यातली सव्वीस वर्षे माझ्या मागे पखवाजावर एकच माणूस होता. आम्ही आळंदीत एका ओळीत बसून शिकलो. तो माझ्याहून अधिक शिकला. गाथा त्याला मुखोद्गत, ज्ञानेश्वरीच्या ओवीचा अर्थ अडला की मी त्याच्याकडे पाहायचा. पण त्याला सभेत बोलता येत नसे, जीभ अडखळायची. सप्ताहाला गेलो की रात्री मुक्कामी तो मला उद्याचे चिंतन सांगे. कोणत्या चरणावर थांबायचे, कोणते प्रमाण कुठे घ्यायचे, दृष्टांत कुठला. दुसऱ्या दिवशी मी उभा राहून ते बोलायचो. लोक पाया पडायचे. म्हणायचे, "बुवा, काय चिंतन आहे तुमचे!" मी मान तुकवायचो. मागे तो पखवाजाला शाई आणि कणीक नीट आहे का ते पाहत बसलेला असे.

पुढे माझ्या निरूपणांचे पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर माझे नाव, आत माझे छायाचित्र, प्रस्तावनेत गुरूंचे स्मरण, देणगीदारांची यादी. त्याचे नाव नाही. ते विसरून गेले असे मी म्हणू शकत नाही. प्रस्तावना लिहिताना ते आठवले होते. पण मी मनाशी म्हणालो, तो निष्काम आहे, त्याला नावाची काय गरज? होय माउली, तेच वाक्य. त्या पुलावर माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघाले, कारण ते पंचवीस वर्षे तोंडात घोळलेले होते.

पुस्तक मी त्याला दिले. त्याने कपाळाला लावले, पहिली चार पाने उलटली आणि मिटून पिशवीत ठेवले. काही बोलला नाही. मी ते मौन निष्कामतेचे समजलो. ते कशाचे होते, हे आता विचारायला तो नाही. तो गेल्याला आठ वर्षे झाली. दहाव्याला मी प्रवचन केले. प्रवचन संपल्यावर त्याचा नातू, दहा-बारा वर्षांचा असेल, माझ्याजवळ आला आणि विचारू लागला, "महाराज, आजोबा नुसता पखवाजच वाजवायचे का?" मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "बाळा, फार गोड वाजवायचे."

पाहा, एवढी संधी देवाने दिली होती. समोर लेकरू उभे होते, प्रश्न सरळ होता, आणि चाळीस वर्षे हजारो लोकांपुढे बोललेल्या माणसाला खरे उत्तर देता आले नाही.

अमेरिकेहून आल्यावर मी त्याच्या घरी गेलो. सगळे सांगितले. नातू आता कॉलेजात जातो. तो ऐकत होता. मी म्हणालो, पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, तिच्या पहिल्या पानावर त्याचे नाव माझ्या नावाच्या आधी येईल, आणि एका मासिकात लेख लिहून मी हे सगळ्यांना कळवणार आहे. तेव्हा त्याची बायको, आमच्या वहिनी, आतून म्हणाल्या, "पुस्तकाचे ठीक आहे, भाऊजी. पण लेखात नाव नंतर घाला. आधी गावच्या सप्ताहात घ्या. जिथे घेतले नाही, तिथे घ्या."

त्यांचे बरोबर होते. दूरच्या, न ओळखणाऱ्या वाचकांपुढे कबुली देणे सोपे असते, त्यातही बोलणाऱ्याचीच शोभा होते. ज्या मांडवात लोक माझ्या पाया पडले, त्याच मांडवात, त्याच माणसांच्या डोळ्यांसमोर ते सांगणे अवघड. म्हणून या लेखात त्याचे नाव नाही. मी कीर्तन सोडले आहे, पण येत्या सप्ताहात काल्याच्या आदल्या दिवशी एक सेवा मागून घेतली आहे. त्या दिवशी अभंगाच्या आधी ते नाव येईल.

तोवर तुम्हाला एकच मागणे. तुमच्या दिंडीत स्वयंपाकाचे बघणारी बाई असेल, ट्रक चालवणारा असेल, मुक्कामाची जागा आधी जाऊन झाडणारा असेल. तुमच्या घरात, शेतात, दुकानात ज्याच्या कामावर तुमचे नाव उभे आहे असा कोणी असेल. त्याला नावाची हाव नसेल. नसू दे, ती त्याची कमाई. तुम्ही मात्र त्याचे नाव घ्या, तो ऐकू शकतो तोवर घ्या. पुढच्या आषाढीत नीरेचा पूल लागेल, तेव्हा क्षणभर पायाखाली पाहा, आणि मग पुढे चला.

रामकृष्ण हरी.